तीनदा विचारायचं असतं

मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या पर्समध्ये ओले रुमाल होते, लेकीचा, लिनेयाचा, एक मोजा होता आणि अर्धं केळं होतं. पेन नव्हतं.

"केळं तरी इथे ठेव," माझा नवरा नेल्स म्हणाला. माझी मुलाखत होईपर्यंत तो लेकीला घेऊन गाडीतच बसणार होता.

"टोपी कानांवर आहे ना, बघत राहा. आणि द्राक्षं दिलीस तर चार तुकडे कर. उभे."

"ब्रिटा, गाडीत द्राक्षं नाहीत."

"असली तर म्हणतेय."

जानेवारी होता, मिनेसोटातला जानेवारी. श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हायचे. मी फिजिओथेरपी कॉलेजच्या पायऱ्या कठड्याला धरून चढले. इथे पाय घसरला असता तर निदान योग्य माणसं जमली असती.

मला मुलाखतीला बोलावलं हेच नवल होतं. बाकीच्या कॉलेजांनी माझे गुण बघून परस्पर नकार कळवला होता. पदवीच्या वर्षांत भौतिकशास्त्रात सी, रसायनशास्त्रात त्याच्याही खाली. अभ्यास केला नव्हता असं नाही. मी प्रत्येक प्रश्न पुन्हा पुन्हा वाचायची, यात कुठे खोच तर नाही ना म्हणून. आणि घंटा व्हायची तेव्हा शेवटची पानं कोरी असायची. हाच स्वभाव पुढे आईपणात कामाला आला. झोपलेल्या मुलीचा श्वास चालू आहे ना हे बघायला मी उठते, आणि चालू आहे हे बघून परत खात्री करायला उठते. पण आईपणाचे गुण कुणी गुणपत्रिकेत धरत नाही.

मुलाखत घ्यायला डॉक्टर डिनापोली होत्या. न्यू जर्सीच्या, आमच्याकडे येऊन त्यांना अजून वर्षही झालं नव्हतं. बारीक चणीच्या, आणि बोलणं असं की आपलं एक उत्तर होईपर्यंत त्यांचे पुढचे दोन प्रश्न येऊन बसलेले.

"कॉफी घेणार?"

"छे छे, नको. उगीच त्रास."

"बरं," असं म्हणून त्यांनी थर्मास बाजूला सरकवला.

मी त्या थर्मासकडे बघत राहिले. आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणत नाही. पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'अहो, खरंच नको', आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी घोटभर, तुम्ही करणारच असाल तर'. असं झालं की समोरचा भला मोठा मग भरून देतो. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. दूध सुटतं तेव्हाच कळतं बहुतेक.

"भौतिकशास्त्रात सी का?" त्यांनी विचारलं.

मी कोऱ्या पानांचं सांगितलं.

"आणि रसायनशास्त्र? थांबा, हे तुम्ही परत दिलंय. गेल्या वर्षी, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन. आणि ए मिळालाय! पर्समधून मोजा डोकावतोय, ते बाळ केवढं होतं तेव्हा?"

"मांडीवर होतं."

"मग अर्जातल्या निबंधात हे लिहिलं का नाहीत?"

"त्यात काय लिहायचं? चुकलं होतं, दुरुस्त केलं."

त्यांनी चष्मा काढला. "बरं. तुम्ही फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मदतनीस आहात. तिथल्या वर्न लिंडक्विस्टनी शिफारसपत्र दिलंय. वाचू?" आणि वाचलंच. "'ब्रिटाबद्दल आमची काही तक्रार नाही.' पुढे सही. मॅडम, ही शिफारस आहे की धमकी?"

"वर्ननं असं लिहिलं?" मला भरून आलं. वर्न स्वतःच्या बायकोबद्दलही इतकं बोलत नाही.

"तुम्हाला चांगलं काय जमतं, ते तुमच्याच तोंडून सांगा."

जमत तर बरंच होतं. पण ओठांवर आलं ते इतकंच, "तसं... वाईट नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. मग म्हणाल्या, "ठीक आहे. स्वतःबद्दल नका सांगू. एखाद्या पेशंटबद्दल सांगा."

हे मला जमणार होतं. मी आर्डिसबाईंचं सांगितलं. ऐंशीच्या पुढच्या, गुडघा नवा बसवलेला, आणि रोज चालवायला गेलं की, "नको गं, तू कामात असशील, दुसऱ्यांना बघ." आमच्याकडे ॲरिझोनाहून एक नवा मदतनीस आला होता. तो रोज नोंद करायचा, 'पेशंटचा चालण्यास नकार', आणि पुढच्या खोलीत जायचा. आठवडा गेला तरी बाई खुर्चीतच.

"मग तुम्ही काय केलंत?"

"विचारलं. त्या नको म्हणाल्या. मग थोडं हवेबद्दल बोललो. परत विचारलं. परत नको. तेव्हा मी त्यांच्या हातांकडे बघितलं. पहिल्या नकोला हात मांडीवरच्या शालीत होते. दुसऱ्या नकोला खुर्चीच्या हातावर आले होते, उठायला टेकवतात तसे. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, 'बरं बाई, तुझा एवढा आग्रह आहे तर.' आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालल्या."

"म्हणजे त्यांना पहिल्यापासून चालायचं होतं?"

"हो तर!"

"मग पहिल्यांदाच हो का नाही म्हणाल्या?"

पाणी ओलं का असतं, असं विचारल्यासारखं झालं ते.

बाहेर आले. नेल्सनं गाडीचं दार उघडलं. "कसं झालं?"

"गेलं सगळं. कॉफीसुद्धा मिळाली नाही."

मार्चमध्ये कॉलेजचं उत्तर आलं: वेटिंग लिस्ट. नकारही नाही, होकारही नाही. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही. नकार असता तर रडून मोकळी झाले असते. आता फोन वाजला की हातातलं टाकून मी धावायची, आणि नाही वाजला की वाजतोय ना हे बघायला मी नेल्सला त्याच्या फोनवरून माझ्या फोनवर लावायला सांगायची. पुढच्या वर्षी परत अर्ज करायची माझ्यात ताकद उरली नव्हती. यंदा नाही तर नाहीच, हे मी कुणाला बोलले नव्हते, पण मनात ठरलं होतं.

मे उजाडला. तळ्यावरचं बर्फ गेलं, डास आले. एका सकाळी माझ्या सासूबाई, मार्लिस, परसातले रुबार्बचे आंबट देठ घेऊन आमच्या स्वयंपाकघरात वड्या करत होत्या. मी लिनेयाला भरवत होते. फोन वाजला. न्यू जर्सीचा नंबर.

"ब्रिटा? डिनापोली बोलतेय. एक जागा रिकामी झालीय. तुमचा नंबर आलाय. हवी आहे?"

मी काय बोलायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. पण तोंड सवयीनं आपोआप चालू झालं.

"अय्या! नको नको, म्हणजे... माझ्यापेक्षा चांगले गुण असलेलं कुणीतरी असेलच ना. त्यांना द्या की. माझ्यासाठी कशाला त्रास."





"बरं," त्या म्हणाल्या. फोन बंद झाला.

मी तशीच उभी. लिनेयानं लापशीचा चमचा जमिनीवर टाकला.

"कुणाचा गं?" सासूबाईंनी विचारलं.

"कॉलेजचा. जागा देत होते. मी नको म्हटलं."

"छान केलंस," पिठाचे हात झटकत त्या म्हणाल्या. "एकदम हो म्हटलं असतंस तर हावरट दिसलं असतं."

तेवढ्यात नेल्स तळ्यावरून आला. बूट दारात काढता काढता त्याच्या कानावर सगळं पडलं. एक बूट पायात, एक हातात. "कोण होतं फोनवर? त्या न्यू जर्सीच्या बाई?"

"हो."

"त्यांना माहीत आहे का, आपल्याकडे तीनदा विचारतात ते?"

सासूबाईंनी हळूच ओव्हन बंद केला. आमच्या घरात अपघाताची बातमी आली तरी आधी ओव्हन बंद करतात.

"एकदाच विचारतात त्या," मी म्हणाले. "कॉफीसुद्धा एकदाच विचारली होती."

"मग लाव ना परत फोन!"

"आणि काय सांगू? आत्ता नको म्हटलं आणि आता हवंय? काय म्हणतील?"

"चंचल म्हणतील," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "म्हणू देत. लाव."

मी लावला. लाइन व्यस्त. परत लावला. व्यस्त.

"दुसऱ्या कुणाला तरी जागा देत असतील," नेल्स म्हणाला.

"नेल्स," त्याची आई म्हणाली, "तू बाहेर जा."

मला दिसत होतं ते सगळं: कुठेतरी एक हुशार, सगळे ए मिळवलेली मुलगी, जिनं पहिल्याच हाकेला "हो!" म्हणून उडी मारलीय. आणि खरं सांगू? मी डिनापोलींना जे बोलले ते नुसतं सवयीनं आलं नव्हतं. त्यातलं अर्धं मला खरंच वाटत होतं. ती कोरी पानं माझी होती. दुसऱ्याची जागा मी कशी घेऊ? पण मनात हे चालू असताना मी खाली बघितलं, तर माझे दोन्ही हात फोनला असे गच्च आवळलेले की बोटं पांढरी पडली होती.

मी परत लावणार तोच फोन हातातच वाजला. हातातून सुटला, लापशीत पडला. सासूबाईंनी चिमटीनं उचलून पदराला, म्हणजे ॲप्रनला, पुसला आणि माझ्या कानाला लावला.

"तुमची लाइन का लागत नाहीये?" डिनापोली. "मी सारखी लावतेय."

"मी तुम्हाला लावत होते."

"ऐका. फोन ठेवला आणि कॉफी ओतून घेतली. आणि मग त्या म्हाताऱ्या बाई आठवल्या. गुडघावाल्या. शाल आणि खुर्चीचा हात. मला फोनवर हात दिसत नाहीत, ब्रिटा. तुमचे हात आत्ता कुठे होते?"

"फोनवर. दोन्ही. गच्च."

"वाटलंच मला. तुम्हाला वाटतं, त्या दिवशी तुम्हाला वेटिंग लिस्टवर कशामुळे ठेवलं? गुणांमुळे? गुण मी वाचलेत. भौतिकशास्त्र मी शिकवेन. पण हात बघायला कसं शिकवायचं, ते मला अजून जमलेलं नाही. तर मी दुसऱ्यांदा विचारतेय. जागा हवी आहे?"

सासूबाई माझ्याकडे बघत मान हलवत होत्या. एकदा अजून नको म्हण, असं त्यांचं तोंड म्हणत होतं. पण त्यांच्या हातांनी माझा दंड घट्ट धरला होता.

"हवी आहे," मी म्हणाले. "हो. मला हवी आहे."

"अरेच्चा! तिसऱ्यांदा विचारायची तयारी करून बसले होते मी."

"नको. परत विचारू नका. प्लीज."

त्या हसल्या. मग कागदपत्रांचं काय काय सांगितलं. मी सगळं ऐकलं आणि त्यातलं काहीही मला आठवत नाही. ते त्यांनी नंतर लिहून पाठवलं म्हणून बरं. फोन ठेवला. नेल्स खिडकीबाहेरून सगळं बघत होता. त्यानं हातातला बूट हवेत उडवला, आणि तो छपरावर जाऊन बसला. लिनेयानं टाळ्या वाजवल्या. तिला बूट आवडला असावा.

"दुसऱ्यांदाच हो म्हणालीस," सासूबाई म्हणाल्या आणि ओव्हन परत चालू केला. थोड्या वेळानं वडी कापून बशी पुढे केली. "घे."

मी घेतली. पहिल्यांदाच. त्यांची भुवई वर गेली, आणि माझ्या बशीत अजून एक वडी आली.

मग त्या फोन घेऊन मागच्या ओट्यावर गेल्या. त्यांच्या बहिणीला लावला असणार. मी लिनेयाचं तोंड पुसता पुसता कान दिला. बराच वेळ हवेबद्दल बोलणं झालं, मग डासांबद्दल, मग रुबार्ब यंदा किती आंबट आहे त्याबद्दल.

शेवटी म्हणाल्या, "हो, आणि आमच्या ब्रिटाला कॉलेजात प्रवेश मिळाला." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. मार्लिसनी घसा खाकरला, आणि कुणाही सुनेबद्दल मिनेसोटात बोलता येईल तेवढं सगळं एका दमात बोलून टाकलं.

"वाईट नाही गं ती. मुळीच वाईट नाही."