काचेवरची टिचकी

"बाबा, मॅनेजरच्या नव्या गाडीच्या फोटोखाली 'आधी ब्रेक बघा' असं कुणी लिहितं का?"

"मग काय लिहायचं? गाडी म्हटली की ब्रेक बघायलाच हवा."

लेक हसली आणि तिने तेही पुसलं. सकाळपासून ती फोनवर माझं खातं साफ करत होती. चोवीस वर्षं बॉयलर चालवलेला मी अकरा महिने घरी बसलो होतो. नव्या कारखान्यातल्या बाईंनी मुलाखतीत माझे हात पाहिलेच नाहीत, खातं पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "काका, काम तुम्हाला येतं. पण तो व्हिडिओ आमच्या साहेबांनी पाहिला, तर अवघड होईल."

आता लेकीचं बोट त्या व्हिडिओवर थांबलं.

त्यात माझा जोडीदार आहे. पाळी बदलताना आम्ही प्रेशर गेजच्या काचेवर नखाने टिचकी मारायचो. काटा थरथरला, की गेज जिवंत. व्हिडिओत तो दोनदा टिचकी मारतो आणि म्हणतो, "बघ, मेलाय. तिसऱ्यांदा सांगितलं साहेबांना." चार दिवसांनी त्याच्याच पाळीत बॉयलर फुटला. तो गेला आणि चौकशीत चूकही त्याचीच ठरली. तेव्हा मी हा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, 'ह्याने सांगितलं होतं.' अक्षरं मला त्यानेच शिकवली होती, चाळिशी उलटल्यावर, बॉयलरखोलीच्या भिंतीवर खडूने.

"हा तुम्हीच काढा," लेक म्हणाली. "तीस दिवसांत परत आणता येतो. मग कायमचा जातो."

मी बोट ठेवलं.

आठवड्याने नोकरी लागली. त्याच संध्याकाळी वहिनींचा, जोडीदाराच्या बायकोचा, फोन आला.

"भावजी, ते दिसत नाहीत हो तुमच्याकडे."

"व्हिडिओ पाठवतो ना तुम्हाला, वहिनी. लेकीने ठेवलाय."

"माझ्याकडे असून काय उपयोग? मी त्यांची बायको. मी काय, त्यांच्याच बाजूने बोलणार. तुमच्या नावाखाली होता, म्हणून लोक गप्प बसायचे."

"नेटवर्कचं काहीतरी असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काम मिळालं म्हणे. बरं झालं. जपून करा."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मात्र लेक आणि मी, दोघंही बघायचो.

तिसाव्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. इथे फोन दारावरच ठेवून घेतात. मी बॉयलरपाशी गेलो आणि सवयीने काचेवर टिचकी मारली.

रात्रपाळीचा ऑपरेटर डबा उचलता उचलता हसला. "काका, ह्याला काटा नसतो. नुसते आकडे. टिचकीने काय कळणार?"

"काही नाही," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी पुन्हा एकदा टिचकी मारली. आकडे होते तसेच राहिले.