कोरं रक्त

साहेबांना धाकट्याचं भारी कौतुक. प्रयोगशाळेत कुणी पाहुणा आला की ते तिथे काम करणाऱ्या ताईची ओळख "आमच्या सोन्याच्या खाणीची बहीण" अशी करून द्यायचे, आणि ताईही लाजल्यासारखं हसायची. खाण म्हणजे तिचा हा धाकटा भाऊ. रक्त गोठवणारं एक प्रथिन त्याच्या अंगात जन्मापासूनच नव्हतं. प्रयोगशाळा नेमकं तेच प्रथिन लोकांच्या रक्तातून वेगळं काढून, शुद्ध करून संशोधकांना विकायची. माणसाला टोचू नये, असं प्रत्येक बाटलीवर छापलेलं असे. आता माल कसदार आहे हे कळायचं कसं? ज्या रक्तात ते औषधालाही नाही, अशा रक्तात थेंबभर घालायचं आणि गोठतं का ते बघायचं. हे कोरं रक्त धाकटा द्यायचा, तेही ताईच्या शब्दाखातर.

अट एकच. रक्त द्यायच्या आधी आठवडाभर त्याने स्वतःचं औषध, म्हणजे बाहेरून मिळणारं तेच प्रथिन, टोचून घ्यायचं नाही, नाहीतर रक्त कोरं राहत नाही.

धाकट्याचं केस कापायचं दुकान होतं. "सगळे धंदे सोडून वस्तराच सापडला का रे तुला?" असं ताई चिडवायची. "मी दुसऱ्यांना कापतो, मला कोण कापतंय?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. हात सफाईदार होता. भीती होती ती गुडघ्याची. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यात पुन्हा रक्त उतरलं आणि लगेच औषध गेलं नाही तर पाय वाकडा तो वाकडाच. उभं राहता न येणाऱ्या माणसाच्या दुकानात कोण डोकं घेऊन जाणार?

रक्त द्यायच्या आदल्या दिवशी तो दुकानातल्या ओल्या फरशीवर घसरला. घरी पोचेपर्यंत गुडघा टम्म फुगला होता.

"ताई, टोच गं पटकन," तो म्हणाला. "उद्याचं राहू दे. साहेबांना सांग, पुढच्या आठवड्यात येतो म्हणून."

पण साहेब सकाळीच बोलले होते. ही खेप उद्या तपासून गेली तर तुझी नोकरी कायम, नाहीतर माझा नाइलाज आहे. या एका शब्दासाठी ताई वर्षानुवर्षं राबली होती.

तिने फ्रिजमधून औषध काढलं, धाकट्याकडे पाठ केली आणि सिरिंजमध्ये नुसतं सलाइन भरलं. त्याच्या लहानपणापासून तीच टोचत आली होती. त्याने हात पुढे केला आणि नेहमीसारखं तोंड फिरवलं.

सकाळपर्यंत तो घामाने भिजून गेला होता. "या वेळी औषध लागूच पडत नाहीये गं."

"प्रयोगशाळेत चल. का लागू पडत नाही ते तपासू."

तिथे पिशवी भरत चालली तसा तो म्हणाला, "तपासायला एवढं लागतं?"

"नीट तपासायचं तर लागतं," ताई म्हणाली.

त्याला घरी पाठवून ती कामाला बसली. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी काढून उरलेल्या, नळीतल्या पिवळट पाण्यात शुद्ध प्रथिनाचा थेंब पडला आणि बघता बघता ते घट्ट झालं; थेंब न घातलेल्या नळीत मात्र ते पातळच राहिलं. साहेबांनी नळी उलटी करून पाहिली. "काय गोठलंय! इतकं कोरं रक्त याआधी मिळालंच नव्हतं." त्यांनी नोकरी कायम झाल्याबद्दल ताईचं तोंडभरून अभिनंदन केलं. तिला मनापासून आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी धाकटा तिची वाटच बघत होता. पाय वाकलेलाच. "काय निघालं गं?"

खरं सांगायची वेळ अजून गेली नव्हती. फार तर भाऊ तुटला असता.

"औषध तुला लागू पडेनासं झालंय," ताई म्हणाली. "होतं काही जणांचं असं."

त्याने फुगलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग यापुढे टोचून उपयोग नाही?"

"नाही."

"चला, तुझी तरी सोय झाली," तो म्हणाला. "आता आठवडाभर थांबायला नको. हवं तेव्हा रक्त घेऊन जात जा."

पुढची तारीख ताईने तिथल्या तिथे ठरवून टाकली.