आडनावाचा रकाना

"हे अक्षर कुणाचं आहे?" काचेपलीकडच्या मुलीनं विचारलं आणि कागद खिडकीतून आत सरकवला.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर असले प्रश्न येत नसत. दाखला कधी मिळेल, साहेब आलेत का, चुकलेली वेलांटी दुरुस्त होईल का, एवढंच लोक विचारत. कारकूनबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. नोंदवहीच्या जुन्या पानाची झेरॉक्स होती. एकोणतीस वर्षांपूर्वीची. मुलगी. आईचं नाव अज्ञात, वडिलांचं नाव अज्ञात. आणि आडनावाच्या रकान्यात निळ्या शाईतली तीन अक्षरं.

"माझंच आहे," बाई म्हणाल्या.

"मग हे आडनाव तुम्ही कुठून आणलं?"

रांगेतल्या मागच्या माणसानं घसा खाकरला. मुलगी हलली नाही. तिच्या बोटांवर आणि मनगटांवर बारीक काळे डाग होते. बाईंची नजर तिकडे गेलेली पाहून ती म्हणाली, "ठिणग्यांचे आहेत. वेल्डिंग करते मी. गेटं, जिने, ग्रिल. आज सुट्टी टाकून आलेय, उत्तर घेतल्याशिवाय जायची नाही."

बाईंनी खिडकीत जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच ती वीस मिनिटं आधी लागली.

मागच्या दप्तरखोलीत कपाटांच्या मधे दोन स्टुलं होती. बाईंनी तिला बसवलं आणि तेव्हाची पद्धत सांगायला सुरुवात केली. अनाथाश्रमाची आया मंगळवारी पोरं घेऊन यायची. रकाना रिकामा ठेवायचा नाही असा नियम. तेव्हाच्या हेडक्लार्कनं नवीन लागलेल्या बाईंना शिकवलं होतं, 'बड्या घरांची आडनावं टाळा, उद्या कुणी भांडत यायचं. चारचौघांत खपेल असं द्या.' ते स्वतः टेलिफोनची डिरेक्टरी उघडून डोळे मिटून बोट ठेवायचे.

"माझं चारचौघांतलं नाहीये," मुलगी मधेच म्हणाली. "आश्रमातल्या बाकीच्या पोरींची आडनावं ढिगानं सापडतात. माझं कुणाचंच नाही. शाळेत मास्तर दोनदा विचारायचे. मला वाटायचं, म्हणजे हे खरं असणार. आईनं कुठंतरी सांगून ठेवलं असणार. सात वर्षं शोधतेय. या अख्ख्या शहरात एकच घर सापडलं. वडील छापखान्यात कामाला, दोन मुली. धाकटी बाविसाव्या वर्षी वारली, माझ्या जन्मानंतर आठ महिन्यांनी. तिच्या मृत्यूची नोंदसुद्धा याच अक्षरात आहे."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"थोरली याच कचेरीत लागली असं शेजाऱ्यांनी सांगितलं, म्हणजे तुम्ही. मग माझी आई कोण? तुम्ही का ती?"

"माझ्या बहिणीचं नाव तोंडातून काढू नकोस." बाईंचा आवाज इतका चढला की बाहेरून शिपायानं दार ढकलून पाहिलं. त्यांनी त्याला हातानंच जायला सांगितलं.

"खरं सांगते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. सुट्टी संपवून मी पुन्हा कामावर आले तो मंगळवार होता. आयानं तुला टेबलावर ठेवलं. तू रडत नव्हतीस, नुसती बघत होतीस. बाबांना मुलगा नव्हता. माझं आडनाव लग्नात गेलं, धाकटीचंही जाणार होतं. वाटलं, कुणाकडे तरी राहू दे. हात पुढे गेला आणि लिहून बसले. तुझा विचारच केला नाही मी. तू मोठी होशील, शोधत येशील, हे डोक्यातच आलं नाही."

मुलीनं मान हलवली. "बहिणीची अब्रू झाकताय तुम्ही."

"नाही गं."

"मग तपासणीला चला. रक्ताची. आई असो नाहीतर मावशी, त्यात कळतं म्हणतात."

नाही म्हणायला बाईंना शंभर कारणं होती. त्या म्हणाल्या, "शनिवारी मला अर्धा दिवस असतो."

लॅबमध्ये तासभर बसावं लागलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. एकीनं पाय हलवला की दुसरीची खुर्ची हले. मुलीनं भिंतीकडे बघत विचारलं, "त्याचा अर्थ काय पण?"

"कशाचा?"

"आडनावाचा. पुस्तकांत पाहिलं, नाही सापडला. मी मनाशी धरलं होतं, कुठल्यातरी गडाचं नाव असेल."

बाईंना हसू आलं. "कसला गड घेऊन बसलीस! बाबांच्या खापरपणजोबांची जीभ अडखळायची. एका शब्दाला तीनदा धक्का मारायचे. गावानं चिडवायला नाव ठेवलं, ते पुढे कागदावर चढलं. बाबा म्हणायचे, लोकांनी टाकलेलं नाव आपण पोसलं."

"म्हणजे ते तोतरे होते?"

"तोतरेच. गावोगाव असंच असतं बघ. देश कुठलाही असू दे. कुणाचं धंद्यावरून, कुणाचं गावावरून, कुणी लंगडा होता म्हणून, कुणाचे केस लाल होते म्हणून. पहिल्यांदा ज्याला हाक मारली तो बिचारा चिडलाच असेल."

मुलगी हसली. पहिल्यांदाच. हसताना तिनं डाव्या हाताच्या मागच्या बाजूनं तोंड झाकलं. धाकटी अशीच हसायची.

निकालाला बारा दिवस लागणार होते. उत्तर आपल्याला ठाऊक आहे, असं बाई पहिले चार दिवस स्वतःला सांगत राहिल्या. पाचव्या दिवशी भाजी निवडताना त्यांना आठवलं, त्या वर्षी धाकटी चार महिने मामाकडे होती. शिवणाचा कोर्स करते म्हणून गेली होती. बाबा आजारी पडल्यावर परतली ती सुकून, डोळे खोल गेलेले. सगळे म्हणाले, बापाच्या काळजीनं झालंय. बाईही तसंच म्हणाल्या होत्या. तिनं शिवलेलं एकही कापड घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"कुठं हरवलीस?" नवऱ्यानं विचारलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, त्यामुळे कुणी गप्प बसलं की लगेच कळायचं.

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडू लागल्या.

आधी त्यांना बहिणीची लाज वाटली, मग कीव. ज्या बहिणीनं आपल्याला काही सांगितलं नाही, तिच्यासाठी तेव्हा आपण कोण होतो, असंही वाटलं. अकराव्या दिवशी मात्र त्या दुकानात एका जाड सुती हातमोज्यांच्या जोडीपुढे थांबल्या. घेतले नाहीत. पण मापाचा अंदाज घेऊन आल्या.

बाराव्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. "नाही निघालं," ती म्हणाली. "काहीच नातं नाही म्हणतात. तुमचंच खरं होतं."

"बरं," बाई म्हणाल्या.

"मी उगाच तुमच्या बहिणीला..."

"असू दे गं."

फोन ठेवल्यावर बाईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्या कचेरीच्या मोरीत गेल्या, नळ सोडला आणि तो वाहत असेपर्यंत रडल्या. धाकटी त्यांच्यापासून दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला तिच्या मागे कुणीही राहिलेलं नव्हतं.

दीड महिन्यानं मुलगी पुन्हा आली. तीन नंबरच्या खिडकीत तिनं दोन अर्ज ठेवले. आडनाव बदलाचे. एक तिचा, एक तिच्या पाच वर्षांच्या लेकीचा. वृत्तपत्रातली जाहिरात, प्रतिज्ञापत्र, सगळं व्यवस्थित टाचलेलं. नवीन आडनावाच्या रकान्यात तिनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'वेल्डर'.

"चालेल ना?" तिनं विचारलं. "कारखान्यातले हसतायत. पण हे कुठून आलं ते लेकीला सांगता येईल मला."

"चालायला काय झालं? शंभर वर्षांनी कुणी विचारणारही नाही." बाईंनी अर्ज पुढूनमागून तपासले. "लेकीचंही बदलायचं?"

"हो." ती म्हणाली, "तुमच्यावर राग नाही माझा. पण ते तुमच्या बाबांचं होतं. मला जड झालं."

बाईंनी मान डोलावली. शिपायानं जुनी वही आणून टेबलावर ठेवली. नोंद अर्जदारासमोर दुरुस्त करायची पद्धत होती, म्हणून बाईंनी तिला आत बोलावलं.

"पूर्ण खोडत नाहीत?"

"नाही. एकच रेघ मारायची. खालचं वाचता यायला पाहिजे."

वही जाड होती, शिवण आवळलेली. पान सारखं उचललं जात होतं. बाईंनी पट्टी ठेवली तशी ती सरकली. त्यांनी पुन्हा ठेवली. तेव्हा मुलीनं पुढे होऊन डागाळलेला तळहात पानावर घट्ट दाबून धरला, आणि बाईंनी तांबड्या शाईचं पेन उघडून आपल्या वडिलांच्या आडनावावर डावीकडून उजवीकडे, सावकाश, सरळ रेघ ओढली.