बी शिजवणारा पंजा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पंजा आहे, खत आणि पालापाचोळा ओढायचा. दात सहा. जन्मलो तेव्हा सात होते, पण म्हातारपणी कोणाची बत्तिशी शाबूत राहते?

खापर गावच्या बशीरचाचांनी मला ठोकून घडवलं आणि सारंगखेड्याच्या यात्रेत, जिथं घोड्यांचा मोठा बाजार भरतो, विकायला आणलं. तिथून जसोदाबाई मला घरी घेऊन आल्या. त्यांच्या केळीच्या बागेत पाला ओढता ओढता माझी उमेदीची वर्षं सरली.

मग त्यांच्या यजमानांना, शांतीलालदादांना लकवा मारला. उजवा पाय बधिर झाला. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी गवतावर अनवाणी चाला. जसोदाबाईंनी अंगणात हिरवळ लावली. शेजारच्या सरलाबाई हसल्या, “जनमभर गवत निंदं, आते गवत लावी ऱ्हायनात!”

दादा मोठे हौशी. यात्रा उठल्यावर त्यांनी घोड्यांच्या लिदीची ट्रॉलीच आणवली. “सोनं शे, सोनं!” म्हणत ती ओलीच्या ओली हिरवळीवर पसरायला लावली. पसरली मीच, तेव्हा ते पाप माझ्याही माथी आहे. घोडा दाणा पचवतो, पण तणाचं बी जसंच्या तसं बाहेर टाकतो. उन्हाळा येईतो हिरवळीत सराट्याचं काटेरी तण माजलं. एका सकाळी दादा चालून आले ते उजव्या तळव्यात चार काटे घेऊन. रक्त वाहत होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता! बाईंनी काटे काढले, दादांचं चालणं बंद केलं आणि माझ्याशेजारी ओट्यावर बसून रडल्या. मला फार वाईट वाटलं.

त्याच सराट्याशी झटताना माझा एक दात गेला. पुढच्या यात्रेत बाईंनी मला बशीरचाचांना दाखवलं.

“जसोदाबेन, उगेल तन उपटीसन काय व्हई? उगाना पहिलेच मारा. लीद उकिरडामा शिजू द्या,” चाचा म्हणाले.

शिजू द्या! हा तर चुलीपुढचा शब्द, बाईंना लगेच पटला. त्यांनी नव्या लिदीचा ढीग रचला, पाणी शिंपडलं, वर पोती टाकली. दर आठ दिवसांनी मी तो वरखाली करायचो. आतून अशी वाफ निघायची की माझे दात तापायचे. त्यात तणाचं बी शिजून मेलं. हिरवळीत गळालेले जुने काटेही मी ओढून गोळा केले. अडीच महिन्यांनी काळंभोर खत पसरलं, आणि यंदा सराट्याचं नाव नाही.

गेल्या आठवड्यात दादा पुन्हा हिरवळीवर उतरले. दहा पावलं गेले आणि थबकले.

“उजवा पायले काहीतरी टोची ऱ्हायनं.”

बाईंनी हातातलं काम टाकलं. धावत जाऊन त्यांनी उजवा तळवा उचलून पाहिला. काटा नव्हता. गवताची पाती तेवढी चिकटली होती.

“अहो, काटा नही शे, गवत शे! तुमले समजनं!” बाई हसता हसता रडू लागल्या.

मित्रांनो, माझा दांडा आता डुगडुगतो. तुमच्याकडे एवढंच मागणं: कच्चं खत अंगणात टाकू नका, आणि काम झालं की माझ्यासारख्यांना पुसून, दात भिंतीकडे करून ठेवा. आमच्या अंगणात अनवाणी पायाला टोचायचा मान आता फक्त गवताचा आहे.