खिशातली वाळू

"तो तरंगता बाजार मात्र बघाच हं तुम्ही," काकू बटण लावता लावता ट्रायलला आलेल्या बाईंना म्हणाल्या. "होडीतच भाजी, होडीतच फुलं. मी एक टोपी पसंत केली होती. पण आमचे हे घासाघीस करत बसले, नि तेवढ्यात टोपीवाल्याची होडीच पुढं निघून गेली!"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, नाहीतर ते तिथल्या तिथं म्हणाले असते, अगं, आपण गेलोय कुठं अजून? पण टाचण्या धरलेलं शिंप्याचं तोंड म्हणजे कुलूप लावलेलं दुकान. त्यांनी समोरच्या बाईंच्या जाकिटाची बाही खांद्याला टाचली आणि हळूच आरशात पाहिलं. बाईही आरशातून त्यांच्याकडेच बघत होत्या.

या बाईंची कोपऱ्यावर प्रवास कंपनी होती. सगळी गल्ली त्यांना ट्रॅव्हलवाल्या बाई म्हणायची. जाकिटाची ट्रायल हे आज नुसतं निमित्त होतं. त्यांच्या पर्समध्ये मास्तरांची आणि काकूंची तिकिटं होती, पुढच्या महिन्याची. मास्तरांनी ती बायकोला पत्ता लागू न देता काढायला लावली होती.

या प्रवासाचं बोलणं घरात कधी सुरू झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. दुपारची जेवणं उरकली की दुकानात सामसूम व्हायची. मास्तर मशीनवर, काकू समोर तुरपाई घेऊन, आणि दोघांच्या मध्ये तो देश पसरलेला. समुद्रापलीकडचा, बारमाही उन्हाचा. एका टोकाला धुमसणारे डोंगर, दुसऱ्या टोकाला पांढऱ्या वाळूची बेटं, मधे पायऱ्यापायऱ्यांची भातशेतं, आणि दर चार गावांमागे बदलणारी भाषा. शिवाय स्वस्त.

"स्वस्त म्हणजे किती हो?" काकू विचारायच्या.

"एक जाकीट शिवलं की राहणं निघतं. अस्तराचं असलं तर जेवणही."

काकूंना गाडी लागायची, म्हणून डोंगरातला प्रवास रेल्वेनं करायचा ठरला. मग खिडकी कोणाची, यावरून असा अबोला झाला की दोघं शिलाई मशीनला उद्देशून बोलू लागले. न काढलेल्या तिकिटावरून इतकं कडाक्याचं भांडण दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसेल. शेवटी मास्तरांनी खिडकी सोडली, पण बेटावर पहाटे उठायचं कबूल करून घेतलं.

मास्तरांनी या प्रवासासाठी काकूंना एक झगाही बेतला होता. फिकट निळा, सुती, सैलसर. त्याला चांगले खोल खिसे, कारण काकूंना शिंपले गोळा करायचे होते. पण तो होता कच्च्या शिलाईत. कपडा वापरायची तारीख ठरल्याशिवाय मास्तर पक्की शिलाई घालत नसत. माणसाचं अंग बदलतं, म्हणायचे, आणि पक्का टाका उसवला की कापड दुखावतं. काकूंच्या झग्याची तारीख काही ठरेना. आधी मुलीचं शिक्षण, मग तिचं बाळंतपण, मग मास्तरांचा मोतीबिंदू. अधूनमधून ट्रायल व्हायची, कधी बाजू सोडायच्या, कधी आत घ्यायच्या, आणि पांढऱ्या लांब टाक्यांचा तो झगा परत खुंटीवर जायचा.

मग काकू विसरायला लागल्या. आधी दोऱ्याची रिळं, मग शेजारणीचं नाव, मग एकदा घराकडं वळायची गल्ली. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी मास्तर दवाखान्यातून तडक कोपऱ्यावर गेले आणि म्हणाले, बाई, आता थांबायला नको. तिला समुद्र समुद्र म्हणून कळतोय, तोवर तिला तिथं न्यायचं होतं. बाकी त्यांना काहीच नको होतं.

मास्तरांनी टाचण्या डबीत टाकल्या. "अगं, ऐक. बाईंनी आपली तिकिटं आणलीत. पुढच्या महिन्यात निघायचंय आपल्याला."

काकूंची सुई थांबली. त्या खळखळून हसल्या. "पुन्हा? हौसेला मोल नसतं, पण काही सुमार? एकदा पाहिलं ना डोळे भरून! मला नाही बाई आता ती दगदग झेपायची."

दारापर्यंत पोचवायला गेलेल्या मास्तरांना बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "गोड बोलून न्या त्यांना. तिथं पोचल्या की खुलतील."

"आणि तिथला बाजार तिच्या बाजारासारखा नसला तर?"

बाईंनी पर्सचा बंद उगाच सारखा केला.

"तिकिटं परत जातील का?" मास्तरांनी विचारलं.

"बघते मी," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मास्तर आत येऊन मशीनवर बसले. उभा जन्म दोघांनी मिळून बेतलेला देश, आणि ही एकटीच जाऊन आली! या वयात त्यांना बायकोचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून स्वतःचीच लाजही वाटली. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "मी होतो ना गं तिथं?"

"घ्या! बेटावर माझ्या चपला हातात घेऊन कोण चालत होतं मग? आणि रेल्वेत मला खिडकी देऊन तोंड फुगवून कोण बसलं होतं?"

मास्तरांना हसू आलं आणि डोळेही भरले. "डोंगर धुमसत होता का?"

"तुमच्याइतका नाही."

ते उठले. खुंटीवरचा झगा काढून त्यांनी मशीनच्या सुईखाली घेतला आणि पायडल मारलं. बाजू झाल्या, खांदे झाले, खिसे झाले. काकू बोलत होत्या. पहाटेच्या बेटावरचा वारा, भातशेतात पाण्यात पडलेलं आभाळ, न कळणाऱ्या भाषेत हाक मारणारी एक म्हातारी. त्या म्हातारीबद्दल दुपारच्या गप्पांत कधीच काही ठरलं नव्हतं. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते. पक्की शिलाई झाल्यावर त्यांनी कच्चे पांढरे दोरे एकेक ओढून काढले, आणि झगा काकूंच्या मांडीवर ठेवला.

काकूंनी तो ओळखल्यासारखा कुरवाळला. खिशात हात घालून तळाशी बोटं फिरवली.

"बघा, अजून वाळू आहे," त्या म्हणाल्या. "घरभर होईल. जरा बाहेर जाऊन झटका."

मास्तर झगा घेऊन पायरीवर गेले. त्यांनी दोन्ही खिसे उलटे केले आणि झगा जोरात झटकला, डोळ्यांत जाऊ नये म्हणून तोंड बाजूला फिरवून.