खंडेनवमीचं कुंकू

मस्तगडात लग्नपत्रिका छापून देणारी दुकानं पैशाला पासरी होती. पण चोरीचं विंडोज नसलेलं दुकान आपलं एकट्याचं, असं रामकिसन येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगायचा. ऐकणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. तरी हा गडी कॉम्प्युटरचा डबा वळवून त्यावरचं विकतच्या विंडोजचं नंबराचं स्टिकर दाखवणारच. "अस्सल हाये. चोरीचं आपल्या दुकानात चालणार न्हाई." दोन वर्षांखाली तो गेला आणि दुकान बायकोच्या, उषाबाईच्या गळ्यात पडलं.

आज सकाळी कॉम्प्युटर बसला. दुरुस्तीला आलेला गुलाम नबी रामकिसनचा जुना दोस्त. त्यानं नवी हार्डडिस्क टाकली, विंडोजची सीडी घातली. मशीननं मालकाचं नाव विचारलं, तिथं सवयीनं रामकिसनचं टाकलं. पुढं नंबर मागितला.

"भाभी, स्टिकरवरचा नंबर वाचा."

उषाबाईनं डबा वळवला. स्टिकर जागेवर होतं, पण त्यावर नुसता लालसर डाग आणि कडेला दोन-चार अक्षरं.

"याला काय झालं?" नबीनं विचारलं.

उषाबाईच्या ध्यानात आलं. खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांची पूजा असते. कात्रीला, कटिंग मशीनला कुंकू लागतं, तसं कॉम्प्युटरलाही. रामकिसन डब्याला कुठंही बोट टेकवून मोकळा व्हायचा. तो गेल्यावर पूजा तिच्याकडं आली. त्याचा सगळा जीव त्या स्टिकरात, म्हणून तिनं मानही स्टिकरलाच दिला. हळदकुंकू बरोबर त्याच्यावर लावायचं आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं घासून लख्ख करायचं. तिनं हे सगळं सांगितलं. नबी हसला नाही.

उरलेल्या अक्षरांवरून तो अंदाजानं नंबर टाकत राहिला. मशीन दरवेळी नाही म्हणत होतं. चहा निवला. पत्रिका छापायला दिलेलं गिऱ्हाईक पुन्हा डोकावून गेलं. उद्या सकाळी त्यांना वाटपाला निघायचं होतं. कॉम्प्युटर जिथून घेतला, ते दुकानही कधीच उठून गेलं होतं.

"माझ्याकडं एक नंबर हाये," नबी शेवटी खाली बघत म्हणाला. "सगळीकडं तोच चालून राह्यला. कुणी विचारत न्हाई."

"म्हंजे चोरीचाच ना?"

नबीनं मान डोलावली. उषाबाईला वाटलं, आता रडू येईल. पण आला तो नुसता शीण. रामकिसन असता तर दुकानाला कुलूप घालून ऐटीत बसला असता. तिला ती ऐट झेपणारी नव्हती, आणि त्याच्यासारखं वागता येत नाही याचा तिला त्याच्यावरच राग आला.

"टाका," ती म्हणाली.

नबीची बोटं न बघता चालायला लागली.

"थांबा नबीभाई. मघाशी नाव टाकलं, तिथं मागं जाता येतं का?"

"येतं की."

"मंग त्यांचं नाव काढा. माझं टाका. चोरी मी करून राह्यले."

नबी मागं गेला. रामकिसनचं नाव एकेक अक्षरानं पुसलं गेलं. ती शेवटच्या अक्षरापर्यंत बघत राहिली.

"पुरं नाव टाकू ना, भाभी? उषाबाई रामकिसन—"

"न्हाई," ती म्हणाली. "नुसतं उषाबाई."