डॉनला मारलेली हाक

पिल्लाचं नाव डॉन ठेवायचं, असं लिआदननं शाळेतून येताच जाहीर केलं. बटाटे सोलणारा तिच्या आईचा, गोबनेटचा हात थांबला.

"काहीतरीच! ब्रान ठेव. गोष्टीतल्या फिओन वीराच्या शूर कुत्र्याचं नाव आहे ते."

"ब्रान काय, गावात दर दोन घरांआड आहे. डॉनच!"

पोरीला काय सांगणार? समोरच्या समुद्रातला भोक पडलेला खडक म्हणजे मेलेल्यांच्या देवाचं, डॉनचं घर, मेलेली माणसं आधी तिथं जातात, एवढं बाईंनी शिकवलं होतं. त्यापुढचं शाळेत शिकवत नाहीत. समुद्राकडं तोंड करून त्याला हाक मारायची नाही. मारली तर तो येतो, आणि रिकाम्या हातानं परतत नाही. सासरे बुडाले त्या वर्षी सासूबाईंनी हे सांगितलं होतं. गोबनेटचा नवरा टायग त्याच पाण्यात खेकडे धरायला जायचा.

गोबनेट हट्टानं ब्रानच म्हणत राहिली. पिल्लू ढिम्म हलायचं नाही. लिआदननं नुसतं कुजबुजून "डॉन" म्हटलं की शेपटी हलवत हजर.

शनिवारी दुपारी बघता बघता धुकं उतरलं. टायग समुद्रावर, पोरगी पिल्लाला घेऊन कड्यावर. गोबनेट हाका मारत धावली, पण धुक्यात आवाज चहूकडून यायला लागला.

"आई, पायाखालचे दगड निसटतायत!"

"हलू नकोस! कुठं आहेस?"

"माहीत नाही! तू त्याला बोलाव ना, दोरी माझ्या हातात आहे. तो आणेल मला!"

"ब्रान! ये, ब्रान!"

"तसं नाही गं, आई!"

इकडं पोर, तिकडं नवरा, आणि समोर समुद्र. गोबनेटनं डोळे मिटले.

"डॉन! घरी ये, डॉन! ये!"

पिल्लू आलं, मागोमाग फरफटत पोर आली. तिला चुलीपाशी बसवून गोबनेट टायगच्या बोटीच्या इंजिनाच्या आवाजासाठी कान लावून राहिली. अखेर टायग दारातून आत आला, तेव्हा ती त्याच्या गळ्यात पडून रडली.

"अगं, तुझ्या हाकेवरच बोट आणली," तो बूट काढत म्हणाला. "नाहीतर खडकावर आपटलो असतो. पण माझ्या पुढं ती वल्ह्यांची होडी कुणाची होती? तीही तुझ्याच आवाजावर येत होती."

"कुणी आलं नाही इकडं."

"असं कसं? धक्क्याला बांधलीय की."

पिल्लू उठलं आणि बंद दाराकडं बघत शेपटी हलवायला लागलं.